तिसऱ्यांदा उतरलेला पट्टा

माझ्या मोठ्या दिरांना सगळे मिस्त्री म्हणतात. रागावल्या की जाऊबाईसुद्धा. गवत कापायचे छोटे ट्रॅक्टर ते घरामागच्या शेडमध्ये दुरुस्त करतात. शेडमध्ये पाने मापाप्रमाणे टांगलेले, ग्रीसच्या डब्याला झाकण, आणि कुठलंही हत्यार पुसल्याशिवाय जागेवर जाणार नाही. मिस्त्रींच्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही, असं लोक म्हणत, आणि तेही ते ऐकून खूश असत.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून जाऊबाईंचं एकच टुमणं, "लोकांनी नावं ठेवायच्या आत थांबा."

"ठीक आहे," ते एकदा तावातावाने म्हणाले, "एकाच दुखण्यासाठी मशीन तिसऱ्यांदा परत आलं, तर शेड बंद!"

आणि आलं. खेळाच्या मैदानाची देखभाल करणारा माणूस गाडीतून ट्रॅक्टर उतरवतच ओरडला, "मिस्त्री, पट्टा परत उतरला हो! अर्ध्या मैदानाची हजामत झालीय, अर्धं जंगल."

जाऊबाई आणि मी दारात येऊन उभ्या राहिलो. जाऊबाईंना पाहून भाऊजींचा चेहरा उतरला.

इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत नेणारा तो पट्टा. पहिल्या खेपेला त्यांनी नवा घातला होता, दुसऱ्या खेपेला ताण वाढवला होता. आता त्यांनी पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"एकाच बाजूने खाल्लाय. म्हणजे सैल नव्हताच. मी उगाच आवळत बसलो. इंजिनाची पुली आणि पात्यांची पुली एका रेषेत नाहीत."

"पण गेल्या वेळी दोरी लावून बघितल्या होत्यात की!" मैदानवाला म्हणाला.

भाऊजींनी मशीनच्या पोटाखालचा, वर-खाली होणारा पात्यांचा डबा हलवून पाहिला आणि विचारलं, "गवत कापताना पात्यांचा डबा कुठे ठेवतोस?"

"अगदी तळाला. चेंडू पळायला नको?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. वाकायला नको म्हणून ते हल्ली मशीन उंच लोखंडी घोडीवर चढवत आणि डबा वर उचलून पुल्या जुळवत. वर रेषेत असलेल्या पुल्या डबा खाली आला की तिरक्या होत होत्या.

"जाऊ द्या, मशीनच जुनं झालंय," मैदानवाल्याने सांभाळून घेतलं.

"मशीनला कशाला बोल लावतोस? चूक माझी. गुडघ्यांचे लाड केले."

किल्ली काढली, प्लगची वायर सोडवली, ट्रॅक्टर सपाट फरशीवर आणला, डबा तळाला सोडला. मग गोणपाट अंथरून भाऊजी स्वतः आडवे झाले.

"उठवायला क्रेन मागवू?" जाऊबाईंनी विचारलं.

"तू आहेस ना!"

दोरी एका पुलीच्या कडेला टेकवून दुसरीपर्यंत ताणली, तर शेवटी नखभर फट. एक वॉशर काढून त्यांनी पुली सरकवली. दोरी दोन्हीकडे टेकली. पट्टा चढवून मधोमध अंगठ्याने दाबला आणि ताण जरा कमी केला. "थोडा दबायला हवा, पण लोंबायला नको. फार आवळलं की बेअरिंग रडतं."

त्यांना उठवायला आम्ही तिघं लागलो.

दुसऱ्या दिवशी मैदानवाल्याचा फोन आला, सगळं मैदान कापून झालं, पट्टा जागेवर. भाऊजींनी शांतपणे फोन ठेवला आणि दुपारी शेडमधले पाने खोक्यात भरायला घेतले.

"हे काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"तिसऱ्यांदा आलं ना? शब्द दिला होता."

जाऊबाईंनी खोकं ओढून घेतलं. "चारचौघांत चूक कबूल केलीत, जमिनीवर लोळून निस्तरलीत. आता कोण नावं ठेवणार? मी तर नाही. फक्त यापुढे खाली झोपायचं काम माझं."

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकेक पाना परत भिंतीवर गेला.

परवा मी गेले, तेव्हा एका ट्रॅक्टरखालून जाऊबाईंचे पाय बाहेर दिसत होते. भाऊजी स्टुलावर बसून सूचनांवर सूचना देत होते.

"फट आहे का गं?"

"आहे."

"कितीशी?"

"अहो, खाली येऊन बघा की!" आणि लगेच घाईघाईने, "नको, नको, बसा तिथेच! तुम्हाला उचलायचं कोणी?"