पारूबाईचं हिरवं लुगडं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी पोटात गोष्ट ठेवणारा माणूस आहे असं पौडात कुणी म्हणणार नाही. चहाला बसलो की माझ्याभोवती माणसं जमतात. पण ही एक गोष्ट मी कायम अर्धीच सांगत आलो. लोक हसले, टाळ्या दिल्या. आज उरलेली अर्धी ऐका. आवडणार नाही. मग?

आणीबाणी उठली त्या सुमारास पेठेत चोऱ्या वाढल्या होत्या. बाजाराच्या गर्दीत दुकानातला माल उचलायचा आणि एस.टी.त बसून पसार व्हायचं. मग आम्ही दुकानदार, पोलीसपाटील आणि हवालदार एकत्र बसलो आणि रक्षक दल काढलं. कल्पना माझी — का लपवू? चोरी झाली की वाण्यानं तागडीवर वजन आपटायचं, मी माझ्या कापडदुकानातली मोजायची लोखंडी पट्टी खांबावर बडवायची. आवाज झाला की सगळ्यांनी रस्ता अडवायचा, कंडक्टरनं गाडी सोडायची नाही. प्रमुख मी. दंडाला लाल फीत. काय रुबाब होता.

आणि झालं काय — चोऱ्या थांबल्या. बडवायला काही उरेना. माणसं दलातून गळू लागली. वाणी तर तोंडावर म्हणाला, "प्रमुखसाहेब, पट्टी गंजली की वो." ते मला सोसवेना. गावाची काळजी वगैरे उगाच कशाला सांगू? मला खेळ हवा होता.

एका बाजारी मी लुगड्यांचं गाठोडं स्वतःच माळ्यावर टाकलं आणि पट्टी बडवली. बघता बघता सगळी पेठ रस्त्यावर. कोळवण गावाला निघालेली एस.टी. अडली. हवालदार एकेकाचं सामान उघडू लागले. मी दुकानाच्या पायरीवर — इतका सुखी मी कधी नव्हतो. थोड्या वेळानं ओरडून सांगायचं होतं, ही तालीम होती, सगळे पास.

तेवढ्यात पारूबाईच्या पाटीतून कोरं हिरवं लुगडं निघालं. पारूबाई कोळवणची, बाजारात अंडी-कोंबड्या विकायची. लेकीच्या लग्नासाठी ते तिनं सकाळीच माझ्याकडून रोखीनं घेतलं होतं. बाजारात पावती कोण मागतं?

"शेट, तुमीच दिलंय की सकाळी. सांगा की ह्यास्नी."

घाबरली नव्हती ती. मी समोर असताना तिला कसली भीती?

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "लई गिऱ्हाइकं येत्यात, बाई. कुणाकुणाला ध्यानात ठेवू?"

का? तालीम म्हटलं असतं तर त्या क्षणी माझं हसं झालं असतं — एवढंच. खरंच, एवढंच होतं. मग तर मी कळस केला. हवालदार तिला चौकीवर नेऊ लागले तसा हात वर केला — "जाऊ द्या, गरीब हाय. मी माफ केलं." लोकांनी वाहवा केली. लुगडं मी ठेवून घेतलं. बाकीचं गाठोडं तिच्या साथीदारानं पळवलं असणार, असं लोकांनीच ठरवून टाकलं.

ती रिकामी पाटी घेऊन गाडीत चढली आणि पौडच्या बाजारात परत कधी बसली नाही. दल मात्र जोरात चाललं. सत्कार झाला, शाल मीच घेतली. चहाला मी सांगतो ती अर्धी एवढीच — चोर धरली, माफ केली.

आता कुणी म्हणेल, झालं गेलं, पेठ तर वाचली. म्हणू नका. पारूबाईनं चोरी केली नव्हती. लुगडं तिचं होतं. पौडात जे अजून तिला चोर म्हणतात त्यांनी हे वाचावं आणि तिथं माझं नाव घालावं. आणि माफीचं म्हणाल — तर ती कशी देतात ते मी करून बघितलंय. मला नको.