जावयाचा गोल्फ आणि आमचे डावे पाय

आमच्या घरात गोल्फ आला तेव्हा आम्हा नवरा-बायकोत मिळून तीन पाय धड होते.

दोन माझे आणि एक ह्यांचा. ह्यांचा डावा पाय दिवाळीनंतर गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण ह्यांनी त्याच्याशी संबंध तोडला होता. पहाटे उठायला गेले आणि खाटेखालीच बसले, ते थेट दवाखान्यात. अर्धांगवायू! वाकडं झालेलं तोंड लवकर सरळ झालं (बोलणं पहिल्यापासून वाकडं, ते तसंच राहिलं), हात थोडा थोडा आला, पाय मात्र हटून बसला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, पायात ताकद आहे. पण ते भारच टाकत नाहीत. आत्ता टाकला नाही तर पुढं टाकताच येणार नाही. मग कायमची खाट."

ह्यांनी सगळी नोकरी श्रीपूरकडं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या बैलगाड्या म्हणू नका, ट्रॅक्टर म्हणू नका, सगळ्यांची वजनं केली. आणि त्या माणसाला स्वतःचं वजन ह्या पायावरून त्या पायावर नेता येईना! फिजिओवाली मुलगी यायची, लाडानं म्हणायची, "आजोबा, टाका बघू भार." हे म्हणायचे, "कुटं टाकू? पाय असंल तर टाकू की." आणि अंगणातल्या खुर्चीवर बसून राहायचे, भिंतीकडं बघत.

त्यात फोटोचं प्रकरण. एक दिवस लेकीला, सुजाताला, पुण्याला फोन लावला. "माझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आण. हार घातल्यावर बरा दिसला पायजे." लेक तिकडं फोनवर रडली, मी इकडं कांदा चिरताना रडले, आणि हे शांतपणे शेंगाचटणी-भाकरी खात होते!

यंदा अधिक महिना आला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, ह्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. जावई म्हणजे त्या महिन्यात साक्षात नारायण. त्याला 'नाही' म्हणायचं नसतं. (कुणी लिहून ठेवलंय विचारू नका. माझ्या आईनं सांगितलं, तिच्या आईनं तिला सांगितलं, आणि पायाचं प्लॅस्टर मला बसलं!)

तर आमचे नारायण, मंदार जावईबापू, सुजाताबरोबर पुण्याहून आले ते दोन वस्तू घेऊन. एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. दुसरी उंचच्या उंच पिशवी.

"ही कसली हो?" मी विचारलं.

"गोल्फची काठी आहे, आई. बाबांसाठी."

मी फ्रेम बघितली, काठी बघितली. मनात आलं, सासऱ्याची दोन्हीकडून सोय केली माणसानं!

जावईबापूंच्या ऑफिसातले सगळे साहेब म्हणे रविवारी गोल्फ खेळतात. दोन वर्षं जावईबापूही शिकत आहेत. अजून चेंडू जावा तिकडं जात नाही, पण सांगता सगळं येतं. जेवण झाल्यावर त्यांनी अंगणात दोरीवर माझी चांगली सोलापुरी चादर टांगली, चेंडू अडवायला. तिच्यासमोर पांढरा टणक चेंडू ठेवला आणि ह्यांच्या खुर्चीपुढं उभे राहून शिकवणी सुरू केली.

"बाबा, काठी वर न्यायला कुणालाही जमतं. खाली आणायची सुरुवात कशानं करायची, सगळा खेळ तिथं आहे. लोक हातानं सुरू करतात. चूक! आधी डावी टाच जमिनीत, सगळा भार डाव्या पायावर. मग कंबर वळते, मग खांदे. हात सगळ्यात शेवटी, आपोआप."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर सांगत होते तेच की! जावईबापू दिसतात त्यापेक्षा हुशार निघाले. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी काठी हातात घेतली, वजनकाट्यावर ठेवल्यासारखी तोलली, आणि परत दिली.

"मंदारराव, माझा डावा पाय मेलाय. मेलेल्यावर भार टाकू नये. पाप लागतं."

सुजाता आत निघून गेली. मला आला राग! मी पदर खोचला आणि काठी ओढून घेतली.

"माझा तर जिवंत आहे ना? मी शिकते. मी म्हातारीनं चेंडू मारला तर तुम्ही उभं राहायचं. बोला!"

"तू मारलास तर उभा राहीन," हे म्हणाले. "तवर बसतो. बसायला काय, सवय झालीया."

झालं! पैज लागली. आता जावईबापूंना नाही म्हणता येईना, आणि ह्यांच्याकडून हो म्हणवून घेतलेलं.

काठी वर नेली. मस्त गेली. आणि मग अशी आपटली म्हणता, की मातीचं ढेकूळ उडून वाळत घातलेल्या कुरडयांच्या ताटात पडलं. चेंडू जागेवर.

"आई, हात नाही! आधी डावी टाच!"

पुन्हा वर, पुन्हा धप्प. दुसरं ढेकूळ. करणार काय, माझं माहेर करमाळ्याकडचं. मला समजायला लागल्यापासून आम्ही विहिरीवरच्या दगडावर धोपाटण्यानं कपडे बडवले. उचललं की आपटायचं, त्यात टाच कुठं आली? अंगात मुरलेलं आहे ते. काठी वर गेली की माझ्या हाताला समोर बापाचं धोतरच दिसायचं!

"वजन आधी डावीकडं, आई, मग हात."

"अहो जावईबापू, आयुष्य हातानं काढलं. आता त्यांना शेवटी या म्हटलं तर ऐकतील का ते?"

हे खुर्चीतून म्हणाले, "खड्डा चांगला पडतोय. चालू ठेव. लागंल."

(माणूस आजारी असला की त्याला उलटून बोलता येत नाही. नाहीतर मी बोलले असते!)

दुसऱ्या दिवशी जावईबापू आतल्या खोलीत कानाला ते लावून ऑफिसच्या कामाला बसले. मी एकटीच अंगणात सराव करत होते. धप्प, धप्प, धप्प. भिंतीपलीकडून पद्माक्कानं डोकं वर काढलं. पद्माक्का म्हणजे आमची शेजारीण, घरात तेलुगू, घरामागं यंत्रमाग, त्या मागाच्या आवाजात जन्म गेल्यामुळं साधं बोलली तरी चौकात ऐकू जातं.

"अय्यो वैनी! साप मारायलाव का ओ?"

मी आणखी एक फटका घालत होते, दम लागलेला, म्हणून नुसती मान हलवली. मला म्हणायचं होतं, नाही. मान नेमकी कशी हलली ते देवाला ठाऊक. पद्माक्कानं एकच आरोळी ठोकली. "साऽऽप! दादांच्या खुर्चीपाशी साप हाय, पळा!"

सगळी गल्ली काठ्या घेऊन आली! कुणी खराटा आणला, कुणी पहार, एकानं नुसताच मोबाइल. ह्यांना खुर्चीसकट उचललं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं. हे ओरडतायत, "अरं साप न्हाई, बायको हाय!" पण ऐकतो कोण? सगळं अंगण धुंडाळलं, माझा शेवंतीचा वाफा तुडवला. शेवटी मी काठी दाखवून सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी तो पांढरा चेंडू बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं. एकजण हळूच म्हणाला, "चालायचंच ओ. घरात आजारपण असलं की डोक्यावर परिणाम होतो."

पद्माक्का मात्र फुगली. "आता वैनी वरडल्या तरी मी यायची न्हाई," असं जाताना सगळ्यांना ऐकवून गेली. हे वाक्य लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी आमच्याकडं नळाला पाणी आलं. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी पाहुण्यासारखं येतं. आलं की माणूस जळत असला तरी आधी पिंप भरायचं. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात, शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही. सुजाता बाजारात गेलेली, जावईबापू आत दार लावून मीटिंगमध्ये. मी अंगणातल्या पिंपात नळी सोडली, आणि पिंप भरेपर्यंत दोन हात मारावेत म्हणून काठी घेतली. जावईबापू दुसऱ्या दिवशी जाणार होते. आज नाही तर कधीच नाही.

हे खुर्चीत होते. त्या सकाळीच फ्रेम पुसून मागितली होती आणि भिंतीवर जागा दाखवली होती. "हितं. देवाच्या फोटोपासनं जरा लांब. त्यांना अडचण नको." मी खिळा सापडत नाही म्हणाले. खिळा माझ्या मुठीत होता.

मी चेंडूपुढं उभी राहिले. ह्यांच्याकडं बघितलं नाही. मनात म्हटलं, बाई, एकदा, फक्त एकदा हातांना गप्प बसव. काठी वर नेली. थांबले. धोतर दिसलं नाही! डावी टाच टेकवली, सगळा भार डावीकडं टाकला, कंबर आपोआप वळली. जावईबापूंनी सांगितलेलं पहिल्यांदाच तंतोतंत जमलं!

फक्त पिंप भरून वाहत होतं, आणि माझी टाच नेमकी त्या पाण्यात टेकली होती.

हात खरंच सगळ्यात शेवटी आले. जमिनीवर. काठी सुटली ती घसरत ह्यांच्या खुर्चीशी गेली. घोट्यात काहीतरी कट्कन मोडलं आणि मी बोंबलले. मोटारींची घरघर! भिंतीपलीकडून पद्माक्काचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू आला. "लक्ष देऊ नका, वैनींचा खेळ चाललाय!"

"काय झालं गं?" हे.

"मोडला पाय."

"कुठला?"

"डावा!"

ह्यांनी वाहत्या पिंपाकडं बघितलं. मग म्हणाले, "नळ बंद कर, पाणी वाया चाललंय."

मला रडू आणि हसू एकदमच आलं, आणि दोन्हीनं पाय दुखला. वरून दहाचं ऊन, ते काय असतं आमच्याकडं ते सांगत नाही. डोळे मिटले, तोंड भाजायला लागलं. उघडले तेव्हा हे ती काठी उलटी धरून खुर्चीतून उठलेले.

"अहो! बसा! पडाल!"

"पडलो तर पडलो. तुझ्याशेजारी जागा हाय की."

काठी पुढं आली. उजवा पाय आला. आणि मग थांबले. डाव्याची पाळी होती. खुर्चीपासून माझ्यापर्यंतचं अंतर म्हणजे माझ्या झाडूचे दोन हात, पण मला ते करमाळ्याएवढं वाटलं. हे लटलट कापत होते. मी पडल्या पडल्या म्हणाले, "आधी टाच."

"म्हाईत हाय!" हे खेकसले. "कवापासनं तेच ऐकतोय."

टाच टेकली. मेलेला पाय कापला, वाकला, आणि राहिला उभा. मग पुन्हा काठी. पुन्हा उजवा. पुन्हा ते थांबणं. आले. माझ्यापाशी येऊन उभे राहिले, घामानं भिजलेले.

"आता उठवा मला."

"वाकता येत न्हाई."

"मग आलात कशाला?"

"तुझ्या तोंडावर ऊन येत हुतं," हे म्हणाले, आणि जरा सरकले, तशी त्यांची सावली बरोब्बर माझ्या तोंडावर आली. तसेच उभे राहिले. मी खाली, हे वर, पाणी आमच्या दोघांच्या मधून गटारीकडं. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतका वेळ काही न बोलता कधी राहिलो नव्हतो.

शेवटी मीटिंग संपवून नारायण बाहेर आले. दारातच थबकले, आनंदानं दोन्ही हात वर केले.

"अरे वा, बाबा! वजन आलं की डाव्यावर! आई कुठंय? आईंना बोलवा, बघू द्या!"

"हितं हाय," हे म्हणाले. "खाली बघा."

तर असं आहे सगळं. आता फिजिओवाली मुलगी एका फेरीत दोघांना उरकते. हे काठी टेकत अंगणभर फिरतात, नळ स्वतः बंद करतात, आणि मी वॉकर धरून उभी राहिले की खुर्चीत बसून मला शिकवतात. "अगं, हातावर जोर देऊ नको! आधी टाच! भार टाक, भार!" पैज मीच हरले, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. चेंडू मारल्यावर उभं राहायचं ठरलं होतं. न मारताच ते उभे राहिले, हा म्हणे त्यांचा मोठेपणा. फोटो मी पिठाच्या डब्यामागं उभा करून ठेवलाय. ह्यांनी अजून तरी विचारलं नाही. पद्माक्का रोज रस्सा घेऊन येते आणि भिंतीवरून आधी विचारते, "वैनी, आज खरंच दुखायलंय का खेळ हाय?"

ह्या एवढ्या सगळ्यात ह्यांचा पाय गेला नि आला, माझा मोडला, कुरडया मातीत गेल्या, शेवंती चेंगरली, चादर अजून दोरीवर उन्हात विटतेय. धक्का लागला नाही तो फक्त त्या चेंडूला. ठेवला होता तिथंच बसलाय, गुटगुटीत. आमच्या घरात सध्या तेवढाच एक काय तो ठणठणीत आहे!