तोंडाला लावलेला पाईप

माझा पुढचा दात मारामारीत पडला, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. दात पडला तो मीच घडवलेल्या तंबाखूच्या पाईपानं, आणि मारामारी त्यानंतर झाली.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे माझं खरादीचं दुकान होतं. वर टिनं, पुढे मशीन, मागे एक खोली आणि अंगण. खोलीत मी, बायको आणि बाप असे तिघं राहायचो. खाटेचे पाये, लाटणी, पाळण्याचे दांडे, असलं काम यायचं. पाईपाचं काम आलं ते कोराडीच्या एका इंजिनिअरमुळे. तिकडे वीजघर उभं राहत होतं. त्याचा विलायती पाईप तडकला होता आणि तसाच दुसरा हवा होता. आत काय असतं ते पाहिल्याशिवाय मी काय बनवणार? मी तो पाईप वाइसमध्ये आवळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत आरीनं उभा चिरला. साहेब ओरडला. मग चिरलेले दोन भाग हातात घेऊन तोही माझ्यासारखाच वाकून पाहत बसला.

पाईप बाहेरून दिसतो तो सोपा असतो. सगळी करामत आतल्या भोकात आहे. तंबाखू भरायची वाटी वरून कोरायची आणि धुराचं भोक दांडीतून आडवं न्यायचं. ते दोन्ही बरोबर वाटीच्या तळाशी भेटले पाहिजेत. भोक केसभर वर गेलं तर तळाशी ओल साचते आणि धूर कडू लागतो. खाली गेलं तर तळ फुटतो. एवढं लांब गिरमिट बाजारात मिळत नव्हतं. मी पोलादी तार तापवून, ठोकून, टोक चपटं करून ते घरीच बनवलं. वाटी कोरायला जुन्या कानशीला घासून चमच्यासारखं पातं काढलं. लाकूड बाभळीचं, पण खोडाचं नाही. जमिनीखाली मूळ आणि खोड मिळतात तिथं जी गाठ असते, तिचं. ती विस्तवाला सहज दाद देत नाही. गाठीचे ठोकळे करायचे, दिवसभर पाण्यात उकळायचे, रस निघून जाऊ द्यायचा, आणि मग भुशाच्या पोत्यात सहा-सात महिने सावलीत ठेवायचे. उकळायचं काम बायकोकडे होतं. अंगणातल्या चुलीवर मोठं भगोनं असायचं आणि त्यातलं पाणी विटेसारखं लाल व्हायचं.

इथपर्यंत बापाची काही हरकत नव्हती. हरकत आली ती तोंडीवर. जो भाग दातात धरतात तो लाकडाचा चालत नाही, चावून चोथा होतो. मी म्हशीचं शिंग आणलं. शिंग कापलं की त्याचा जळक्या केसासारखा वास सुटतो. बाप कोळशाच्या डेपोतून काम करून आला, दारातच थांबला आणि त्यानं वास घेतला.

"हे कोठून आणलं?"

"खाटकाकडून. पाईपाच्या तोंडीसाठी."

"आपण काय सोडून आलो, मालूम आहे न तुले?"

मला माहीत होतं. नागपूरला दीक्षा घेऊन गावी परतल्यावर आमच्या घरानं मेलेली ढोरं ओढायला नकार दिला होता. गाव उमरेडच्या पलीकडे. एका सकाळी चाळीसेक माणसं काठ्या घेऊन आमच्या दारात आली. त्यांनी बापाचा डावा हात उंबऱ्यावर ठेवून ठेचला. मी तेव्हा आईच्या मागे उभा होतो. त्या हाताची दोन बोटं नंतर कधी मिटली नाहीत. आई त्याच वर्षी गेली आणि आम्ही नागपुरात आलो.

हे सगळं माहीत असून मी म्हणालो, "शिंग म्हणजे ढोर नाही, बाबा. हे तर विकत आणलं."

बापानं ते शिंग उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. मी लग्न झालेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस, पण मी हात वर केला नाही. तो मारत होता आणि रडत होता. बायको मधे पडली तेव्हा एक घाव तिच्या मनगटावर बसला. तो आवाज ऐकून बाप थांबला. शिंग मोरीत फेकून तो दोन दिवस जेवला नाही. मी मात्र तिसऱ्या दिवशी दुसरं शिंग आणलं आणि लपवून ठेवलं. पाईप चांगला होत होता. तेवढंच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं असं मला तेव्हा वाटायचं.

इंजिनिअर साहेबाचा पाईप पाहून कोराडीतल्या आणखी तीन-चार जणांनी माझ्याकडून करून घेतले. त्यात एक ठेकेदार होता. त्याचे ट्रक गिट्टी आणि कोळसा वाहायचे. उंचापुरा, हसतमुख माणूस. मला 'उस्ताद' म्हणायचा. पहिला पाईप त्याला इतका आवडला की चार महिन्यांनी त्यानं दुसरा सांगितला, थोडा वाकड्या दांडीचा. शिंगाची तोंडी वाकवायची तर ती गरम तेलात नरम करावी लागते; जरा जास्त झालं की सालपटं निघतात. त्या एका तोंडीत माझी तीन शिंगं गेली.

तो न्यायला आला त्या दुपारी मी पाईप ओढून पाहत होतो. तंबाखूशिवाय, नुसती हवा. हे केल्याशिवाय पाईप तयार झाला असं म्हणता येत नाही. भोकात भुसा अडकला असेल तर शिटी वाजते, सांधा सैल असेल तर गालाला कळतं. बोटाला ते कळत नाही.

ठेकेदार स्टुलावर बसला. त्याचा ड्रायव्हर दारात उभा राहिला.

"उस्ताद, तोंड काहून लावून राहिला त्याले?"

"हवा पाहून राहिलो, साहेब. दुसरा इलाज नाही."

तो हसला. "मंग धुऊन देजा बरं."

"देतो न."

मग त्याची नजर भिंतीवर गेली. मशीनच्या वर बुद्धाची तसबीर होती. ती पहिल्यापासून तिथंच होती. आधी तो आला तेव्हा बाहेर जीपमध्येच बसून राहिला होता. त्यानं तसबिरीकडे बोट केलं.

"कोण लोक आहा तुम्ही?"

"बौद्ध."

"मले तर मुसलमान कारागीर आहे म्हणून सांगतलं होतं." तो उभा राहिला. "माह्या पहिल्या पाईपालेही तोंड लावलं होतं?"

मी खरं सांगितलं. "प्रत्येकाले लावतो, साहेब. न लावता देतच नाही." आणि अजून बारीक शिटी येत होती म्हणून मी पाईप पुन्हा तोंडात धरला.

त्याचा हात मला दिसला नाही. थप्पड पाईपावर बसली. शिंगाची तोंडी टाळूत घुसली, दात तुटला आणि खालचा ओठ आतून फाटला. मी मशीनवर कोसळलो. मशीन चालूच होतं, पट्टा फिरत होता. त्यात शर्टाची बाही गेली आणि फाटून निघाली, म्हणून हात वाचला. तो ओरडत होता, "चार महिने! चार महिने तुहं उष्टं खाल्लं मी!" आणि लाथा घालत होता, पोटात, मांडीवर. मला श्वास घेता येत नव्हता, रक्त घशात जात होतं. हाताला पटाशी लागली. मी ती त्याच्या पोटरीत मारली. तो किंचाळला. ड्रायव्हरनं मागून माझी मान धरून मला जमिनीवर दाबलं आणि ठेकेदारानं माझ्या पटाशीच्या हातावर बूट ठेवला. तो बूट दाबत होता, सावकाश. मला बापाचा हात आठवला नाही. मला फक्त एवढंच वाटलं की आता बोटं गेली, खराद गेली.

तेवढ्यात मागून बायको आली. तिच्या हातात चुलीवरचं भगोनं होतं, फडक्यानं धरलेलं. ठोकळ्यांसकट सगळं उकळतं पाणी तिनं त्याच्या कमरेखाली ओतलं.

तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. ड्रायव्हर मला सोडून त्याला उचलायला धावला. थोडं पाणी माझ्याही खांद्यावर पडलं होतं. बायको रिकामं भगोनं धरून तशीच उभी होती. जीप गेल्यावर ती खाली बसली आणि सांडलेले ठोकळे गोळा करू लागली.

मेडिकलच्या दवाखान्यात माझ्या ओठाला टाके घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या ट्रकमधून सहा माणसं आली. त्यांच्या हातात चाकं खोलायच्या लोखंडी टॉम्या होत्या. शेजारी आधीच आत पळाले. त्यांनी मोटर फोडली, मशीनचा खालचा लांब सांगाडा वाकवला, पोत्यांतले ठोकळे रस्त्यावर ओतून रॉकेल टाकून पेटवले. बायकोला मी मागच्या भिंतीवरून पलीकडच्या घरात उतरवलं होतं. बाप कामावर गेला नव्हता. तो दारात आडवा उभा राहिला. मी त्याला ओढत होतो, तो हलत नव्हता. पहिल्याच फटक्यात त्याची खांद्याची हाडकी मोडली. मला त्यांनी किती मारलं ते मला नीट आठवत नाही. पाठीवर आणि नडग्यांवर मारलं एवढं नंतर डागांवरून कळलं.

पोलिस आले, लिहून घेतलं. मला वाटलं आता आम्हा नवराबायकोला आत टाकतील. काहीच झालं नाही. ठेकेदारानं तक्रारच दिली नव्हती. ट्रकच्या रेडिएटरचं पाणी उडालं, असं त्यानं दवाखान्यात सांगितलं होतं. त्यामागचं कारण मला कळायला दोन दिवस लागले. तक्रार द्यायची तर भांडण कशावरून झालं ते सांगावं लागलं असतं, आणि चार महिने त्याच्या तोंडात कुणाचा पाईप होता ते त्याच्या घरी, गावी कळलं असतं. त्याच्या माणसांविरुद्ध मी दिलेली तक्रारही पुढे सरकली नाही. कुणी साक्ष दिली नाही.

बाप दवाखान्यात पडून होता. मला म्हणाला, "गावात चाळीस लोक आले होते. आता सहाच आले. आपली किंमत कमी झाली काय गा?" मी हसलो तर टाका तुटला.

मग त्यानं विचारलं, "तू किती मारले त्याले?"

"एक. पटाशी."

"अन् सुनेनं?"

मी सांगितलं. बायको डबा घेऊन आली तेव्हा बापानं तिचं मनगट हातात घेतलं, जिथं त्याचा घाव बसला होता तिथं.

दीड महिन्यानं मी थैलीत पटाशी घालून कोराडीची बस धरली. मारायचंच म्हणून गेलो होतो, खोटं कशाला सांगू. ठेकेदार ट्रकांच्या रांगेशेजारी खुर्चीवर बसला होता, पायांना पट्ट्या. त्याच्या तोंडात पाईप होता. माझा. पहिला. सरळ दांडीचा.

मी थैली विसरलो. सरळ गेलो आणि तो त्याच्या दातांतून ओढून घेतला. निखारे त्याच्या सदऱ्यावर सांडले. मी पाईप ट्रकच्या लोखंडी बंपरवर आपटला. फुटला नाही. बाभळीची गाठ ती. दुसऱ्यांदा दांडी मोडली, तिसऱ्यांदा वाटी उभी चिरली. ड्रायव्हर, हमाल गोळा झाले. एकानं माझी गचांडी धरली. ठेकेदाराचा चेहरा पांढरा पडला होता.

"सोडा त्याले," तो म्हणाला. "पागल आहे. जाऊ द्या."

मी बस धरून परत आलो. पटाशी थैलीतच होती.

मशीन पुन्हा उभं करायला वर्ष जावं लागलं. ते सुरू झाल्यावर इंजिनिअर साहेब आला. त्याला सगळं कळलं होतं. स्टुलावर बसून म्हणाला, "माझीच चूक झाली. तुमचं खरं सांगितलं असतं तर ठेकेदारानं पाईप घेतलाच नसता. म्हणून कारागीर मुसलमान आहे असं मीच त्याला सांगितलं. तुमच्या भल्यासाठी."

मी त्याच्या कानशिलात लगावली. चष्मा उडून भुशात पडला. तो भुशात हातानं चाचपत राहिला. शेवटी बायकोनंच चष्मा शोधून, पदरानं पुसून त्याच्या हातात दिला. तो निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

"ह्याले काहून मारलं?" बायकोनं विचारलं. "ह्यानं तर काम देलं होतं."

मी मशीन सुरू केलं. पुढच्या वर्षात मी असंच आणखी दोघांना मारलं. एक लाकूडवाला आणि एक शेजारी. कारणं सांगण्यासारखी नव्हती.

पाईप मी नंतरही दहा-बारा वर्षं केले. सीताबर्डीतला एक दुकानदार घाऊक घ्यायचा आणि काचेच्या कपाटात ठेवायचा. कुणी बनवले ते गिऱ्हाईक विचारत नसे, तोही सांगत नसे. हवा मी मागच्या अंगणात बसून पाहायचो. एकेक ओढायचा, शिटी ऐकायची, पुसायचा आणि टोपलीत ठेवायचा.