पुढच्या पाळीसाठी चिठ्ठी

हरचरन भैयांच्या अक्षराला वार्निशचा वास येतो. त्यांचं नाव आधीच घेऊन टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात धांदल सगळी माझी आहे आणि सावरणं त्यांचं. माणूस झाशीजवळच्या समथरकडचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कानात सोन्याची बारीक बाळी, आणि तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिताना जिभेचं टोक किंचित बाहेर काढणारा. त्यांनी माझ्यासाठी लिहिलेले पुठ्ठे मी जपून ठेवले आहेत. उन्हाळ्यात कपाट उघडलं की आतल्या उष्ण अंधारातून आधी तो वास येतो, तेलकट, गोडसर, भाजलेल्या कागदासारखा. आणि घरापासून इतक्या दूर, या दगडांच्या आणि उन्हाच्या मुलखात, आपण कुणाच्या आधाराने उभे राहिलो ते आठवतं.

झाशीबाहेरच्या एका कारखान्यात आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळतो. कागदात लपेटलेली तांब्याची पट्टी, तिचे वेढे, वेढ्यांचे थर, थरांमध्ये पुन्हा कागद. मोठी कॉइल एका पाळीत होत नाही. सकाळी सहाला बसलेला दोनला उठतो, दोनला दुसरा बसतो तो रात्री दहापर्यंत, आणि दोघांची भेट होते ती सायकलस्टँडवर, एक येताना एक जाताना, हात वर करण्यापुरती. यंत्रावर वेढ्यांचा आकडा दिसतो खरा, पण यंत्र जुनं आहे, वीज गेली की आकडा शून्यावर येतो. म्हणून उठणाऱ्याने बसणाऱ्यासाठी चिठ्ठी लिहायची आणि सुती फितीने ती कॉइललाच बांधून ठेवायची, अशी रीत आहे. कितवा थर, किती वेढे, कुठे जपायचं.

मी मिरजेकडचा. नववीत वडिलांचं दुखणं निघालं आणि शाळा सुटली. मोटारी गुंडाळण्याच्या दुकानातून एका ठेकेदाराबरोबर इकडे आलो तेव्हा कारखान्यातली मोठमोठी रेखाचित्रं मला वाचता येत नव्हती. ती वाचायला मला माझ्याच यंत्रावर दुसऱ्या पाळीला बसणाऱ्या भैयांच्या चिठ्ठ्यांनी शिकवलं. आकड्यांखाली ते बारीक चित्र काढून ठेवायचे, बाण दाखवायचे. आणि शेवटच्या ओळीत हमखास काहीतरी बिनकामाचं: ‘गेट के बाजू में नीम फूला है, निकलो तो सूँघ लेना.’ ‘आज घटा है, मशीन ठंडी चलेगी.’ त्या एका ओळीसाठी मी सहाच्या भोंग्याआधी पोचत असे. त्या पहिल्या वर्षी झाशीत माझ्याशी आपुलकीने बोलणारं दुसरं काही नव्हतं.

आता खेळाविषयी. लहानपणी मिरजेत मित्राच्या घरी कॅसेट घालून खेळायचा खेळ होता. सुटीतल्या दुपारी आम्ही पाच जण एका पडद्यासमोर मांडी घालून बसायचो, आणि आपली पाळी येईपर्यंतची ती धडधड, पंख्याच्या वाऱ्याने हलणारं कॅलेंडर, स्वयंपाकघरातून येणारा भाजल्या शेंगदाण्यांचा खमंग वास, हे सगळं मिळून एक अखंड सुख होतं. ते पुन्हा कधी मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी घरी कन्सोल आणला. बायको, सविता, म्हणाली, “आणलाय तर खेळा हो, नुसता पुसत बसू नका.” मुलगी मुक्ता झाशीत जन्मलेली, तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती म्हणाली, “पापा, ये तो बच्चों वाला नहीं है.”

खेळात एक डोंगराळ मुलूख आहे. धुक्यातल्या एका गावात पहाट होते, कोंबडा आरवतो, तबेल्यातून आपला घोडा बाहेर येतो आणि ओल्या गवतावरून वाट नदीकडे उतरत जाते. नदीवर लाकडी पूल, आणि पुलाच्या पलीकडे दुसरा देश. तीन वर्षांत मी तो दुसरा देश पाहिलेला नव्हता. आठवडाभर रोज तासभर खेळावं, की पाळी बदले. मग मुक्ताची परीक्षा, मग गावाकडून कुणाच्या आजारपणाचा फोन, मग पाण्याचा पंप. आणि तीन आठवड्यांनी रिमोट हातात घ्यावा तर बोटं परकी. कुठल्या बटणाने तलवार उपसतात, पिशवीतली ही किल्ली कुणी दिली, पुलावरचा हा म्हातारा माझ्यावर का रागावलाय, काही आठवत नसे. अशा वेळी मी एकच करायचो. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू. सात वेळा मी त्या गावात पहाट होताना पाहिली. कोंबडा कधी आरवणार हे मला पाठ झालं होतं.

नववीत ज्याची शाळा सुटते त्याला अर्धवटपणाची एक गुप्त लाज असते. सुटलं ते सुटलं, आता जोडायचं तर पाटीपासून, असं त्याला आतून वाटत राहतं. मी खेळायलाही तसाच बसू लागलो होतो. वेळापत्रक केलं, चार ते पाच. चार वाजत आले की छातीत हलकी कळ यायची, गृहपाठ राहिल्यासारखी. मुक्ताने एकदा मैत्रिणीला सांगितलेलं कानावर आलं, “मेरे पापा गेम में भी ड्यूटी करते हैं.” मग मी ठरवलं की विकून टाकू. सदर बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याशी बोलूनही ठेवलं. तो म्हणाला, पुढच्या सोमवारी घेऊन या. हा खेळ घरात राहणार की जाणार, प्रश्न एवढासाच. पण दिवसाच्या सगळ्या तासांत माझा म्हणावा असा तो एकच तास होता, त्यामुळे मला तो एवढासा वाटत नव्हता.

जाण्याआधी एकदा तरी पूल ओलांडू, म्हणून त्या आठवड्यात मी रोज बसलो. आणि उठताना, हाताची सवय म्हणा, कारखान्यातून खिशात आलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवू लागलो. ‘पुलावर लांडगा आहे. उजवीकडून जा. मागच्या वेळेसारखी चूक करू नको. वेळ कमी आहे.’ युक्ती चालली. ताजी चिठ्ठी खिशात ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती वाचली की बोटांना वाट सापडायची. तरी मन काही रमत नव्हतं, आणि का रमत नाही ते कळत नव्हतं.

तो जेठातला, ऐन उन्हाळ्यातला सोमवार. सकाळची पाळी. दोनला दहा कमी असताना वीज गेली, शेडमध्ये एकदम काळोखी आली, आणि लूचा गरम वारा पत्र्यावर वाळू फेकत असल्यासारखा वाजू लागला. मी चाचपडत चिठ्ठी बांधली आणि निघालो. घरी कूलरच्या ओल्या वाळ्याचा थंड सुगंध भरून राहिला होता. पडद्यांतून हिरवट उजेड गाळून येत होता. चारला बसलो, शेवटचं म्हणून, कारण सहाला दुकानदाराकडे जायचं होतं. खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली: ‘थर चार. वेढे सदतीस. पाचव्यापासून कागद दुहेरी.’

लांडग्याची चिठ्ठी कॉइलला बांधून आलो होतो.

आकडा शून्यावर गेलेला, चिठ्ठी नाही. भैयांनी अंदाजाने पुढे गुंडाळलं तर चूक उघडी पडणार थेट चाचणीत, कित्येक दिवसांचं तांबं वाया, आणि कामाच्या कागदावर दोघांची नावं. माझं ठेकेदाराकडचं नेमणुकीचं नवं पत्र त्याच महिन्यात व्हायचं होतं. फोन लावला तर शेडमध्ये फोन नेता येत नाहीत. स्कूटर काढली. इलाइट चौराह्यावर डांबर मऊ झालं होतं; उसाच्या रसवाल्याने चाकावर ओलं फडकं टाकलं होतं; सिग्नलला उभा असताना मी मनातल्या मनात साहेबांपुढे बोलायची वाक्यं जुळवत होतो आणि एकही वाक्य शेवटापर्यंत जात नव्हतं.

पाळी नसताना गेटातून आत सोडत नाहीत. पहारेकऱ्याने आत निरोप धाडला. चहाच्या सुटीत भैया बाहेर आले, सावकाश, हातात माझा पुठ्ठा.

“काए मराठे जी,” ते म्हणाले. माझं आडनाव मराठे नाही, पण त्यांनी ते पहिल्या दिवशीच ठेवून दिलं होतं. “पुल तो हमने पूरे कारखाने में ढूँढ लओ. जौ लांडगा को है?”

“भेड़िया,” मी म्हणालो.

“कितै?”

“घर पे. टीव्ही में.”

पहारेकरी हसायला लागला. भैयांनी गंभीर चेहऱ्याने पुठ्ठा पुन्हा वाचला. मी वेढ्यांचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं नख काळं पडून टोकाशी झिजलं होतं. “गिन लए,” ते म्हणाले. यंत्र थांबवून, विजेरी तोंडात धरून, चारी थरांच्या कडा नखाने चाचपत त्यांनी एकेक वेढा मोजला होता. सदतीस. दोनदा मोजले, दोन्ही वेळा सदतीस. तासाभराचं काम मागे पडलं, त्याबद्दल साहेबांनी चार शब्द सुनावले. माझं नाव त्यांनी काढलं नाही, स्वतःच्या खात्रीसाठी मोजतोय म्हणून सांगितलं. “हमने कई, अपनी तसल्ली के लाने गिन रए.” मग खालच्या आवाजात, “इतवार को आएँगे. भेड़िया देखने.”

त्या दिवशी दुकानदाराकडे जायचं राहून गेलं.

रविवारी ते आले, पिशवीत दोन बेलफळं. सविताने ताक दिलं. रिमोट हातात घ्यायला ते तयार झाले नाहीत, “तुम चलाओ, हम देखत.” लांडगा पाहिला, घोडा पाहिला, घोड्याची चाल त्यांना पसंत पडली नाही, लगाम फार ओढता म्हणाले. मुक्ता त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती. मग त्यांनी टीव्हीशेजारचे माझे सगळे पुठ्ठे उचलले आणि चष्मा लावून एकेक वाचला. अडलेला मराठी शब्द मुक्ता समजावून सांगत होती. चूक करू नको. आळस करू नको. मागच्या वेळी इथेच फसलास. लवकर आटप.

“इत्ती डाँट तो साब नईं देत,” ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. पुठ्ठे गंजिफाच्या पानांसारखे सारखे करून त्यांनी परत ठेवले. “अगलो आदमी थको-हारो आउत है, मराठे जी. और तुम ऊखों दरवाजे पेई डरा रए.”

“अगला आदमी तो मैं ही हूँ, भैया.”

“तो का भओ,” ते म्हणाले, आणि ताकाचा पेला उचलला.

कूलरची मोटर घरघरत होती, वाळ्याच्या पडद्यांवरचं पाणी ठिबकत होतं. मला कपाटातले त्यांचे पुठ्ठे आठवले, त्यातल्या त्या शेवटच्या ओळी. कोण कुठला मिरजेचा पोरगा, रेखाचित्र न वाचता येणारा, आणि एक प्रौढ माणूस पाळी संपताना, पाठ दुखत असताना, त्याच्यासाठी कडुनिंबाच्या मोहराची बातमी लिहून ठेवतो. मी माझ्यासाठी असं काही कधी लिहिलं होतं का? मिरजेहून निघालो तेव्हापासून पुढच्या प्रत्येक दिवसाला मी धाकच धाडत आलो होतो.

आता माझ्या चिठ्ठ्या निराळ्या असतात. ‘घोडा वडाखाली बांधलाय. किल्ली गिरणीची आहे, घाई नाही. संध्याकाळ होईस्तोवर टेकडीवर थांब, खालच्या शेतांवर ऊन छान पडतं.’ कधी आठवडा जातो, कधी महिना. परवा तर मुक्ताच्या तापात सव्वा महिना गेला. परत आलो तर पुठ्ठा तिथेच होता, आणि लिहिणाऱ्याला माझी वाट पाहायला काही अडचण झाली नसावी असं वाटलं. पहिल्यापासून सुरू करायची इच्छा अजून होते, नाही असं नाही. काळजी हा माझ्या पिंडाचा भाग आहे, ती अशी पुठ्ठ्याने जाणार नाही. पण चार वाजताची ती कळ आता येत नाही. दुरुस्तीवाला सदर बाजारात दिसला की विचारतो, “ला रहे हैं ना?” मी स्कूटरवरूनच हात हलवतो, आणि त्या हलवण्याचा अर्थ त्याला अजून लागलेला नाही.

मागच्या रविवारी आम्ही पूल ओलांडला. भैया होते. लांडगा कुठे दिसलाच नाही. पलीकडे झाडी दाट होत गेली, मग विरळ झाली, मातीचा रंग फिका पडला, आणि एका चढावरून घोडा वळला तसा सगळा पडदा निळा झाला. समुद्र होता. तीन वर्षं नदीच्या अलीकडे राहिलो आणि पलीकडे समुद्र आहे हे मला ठाऊकच नव्हतं. लाट येत होती, फेस वाळूत मुरत होता.

“समुंदर ऐसोई होत का?” भैयांनी विचारलं.

त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. समथर, झाशी, एकदा प्रयाग. एवढाच त्यांचा नकाशा. मीही एकदाच पाहिलाय, आठवीच्या सहलीला, रत्नागिरीला. ती माझी शेवटची सहल ठरली. तेव्हा सर परत बोलवत होते आणि मी पायाखालची वाळू सरकू देत उभा होतो, तेवढं आठवतं. म्हणालो, “ऐसा ही होता है, भैया. बस इसमें गंध नहीं है.”

ते बराच वेळ पाहत राहिले. ते घरी गेल्यावर मी पुठ्ठा घेतला आणि पुढच्या पाळीसाठी लिहिलं: ‘समुद्राशी पोचलोय. पाण्यात उतरलो नाही.’ खाली शेवटची ओळ लिहायला पेन्सिल टेकवली, आणि खेळाविषयी काही सुचेना. सुचलं ते हे की दोन वर्षांनी भैया निवृत्त होतील. तेव्हा, किंवा त्यानंतर जेव्हा जमेल तेव्हा, मी समथरला जाईन, त्यांना आधी झाशीच्या आणि मग कोकणाच्या गाडीत बसवीन, आणि तो खारट, ओला, माशांचा वास त्यांच्यापर्यंत पोचेल इतक्या जवळ नेऊन उभं करीन. ओळ मी तशीच लिहून ठेवली आहे, वाचीन तेव्हा मला आठवावी म्हणून: ‘भैयांना समुद्र दाखवायचा आहे. घाई नाही, पण विसरू नको.’