विणाई खात्याचे चिंचोके

नामदेव गेला हे सांगायला त्याचा धाकटा भाऊ सुखदेव गिरणीतूनच आला. "भाऊ, दादा गेला," एवढंच म्हणाला. आज तीन आठवडे झाले. मला रडू येत नाही, संताप येतो.

अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकलेला हा माणूस अकोल्याच्या आमच्या कापड गिरणीत हजेरी लिहीत होता. सुखदेव बॉबिनच्या पेट्या वाहायचा, पण त्याला विणकर व्हायचं होतं, आणि हात होता तसा. दीक्षा घेऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, तरी विणाई खात्यात बौद्धांना घेत नसत. तिथं मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागतो, एकाच धोट्याला चौघांची तोंडं लागतात... आम्हाला त्यांचं तोंड लागलेलं चालत नव्हतं. मॅनेजर म्हणे, घेतला तर संप होईल.

"होते का नाई, करून पाहू ना," नामदेव म्हणाला. पुठ्ठ्यावर त्यानं खात्यातले माग आखले आणि मागागणिक एक फोडलेला चिंचोका ठेवला. काळी बाजू वर म्हणजे माणूस कामावर, पांढरी वर म्हणजे बिथरला. कोण कोणासोबत जेवतो, कोण कोणाचं ऐकतो, सगळं त्याला पाठ. फाशाची एक फेरी म्हणजे एक दिवस. शेजारचे बिथरले की त्या माणसाला कामावर राहायला मोठं दान पडावं लागायचं. माझ्या घरी बसून, आमच्याच माठातलं पाणी पीत, एका रिकाम्या मागावर सुखदेवला ठेवून तो हे शेकडो वेळा खेळला, आणि बहुतेकदा तेच निघे. सुखदेवच्या शेजारचा जागचा हलला नाही, तर आठवड्याभरात सगळे निवतात. तो उठला तर खातं रिकामं.

"लोकायचा राग खोल नाई रे," तो म्हणायचा, "शेजाऱ्याले पाहून चढते अन् शेजाऱ्याले पाहूनच उतरते."

शेजारचा माग माझा होता.

मॅनेजर पुठ्ठा पाहून हसला. "गिरणी काय चिंचोक्यांवर चालते?" मग मला बोलावून विचारलं, "तू बसशील याच्या भावाच्या शेजारी?" नामदेव माझ्याकडे पाहत उभा होता. मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो, साहेब."

संपलं. सुखदेव आजही पेट्याच वाहतो.

त्या मॅनेजरला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. फुकटच्या. त्या हरामखोराला कारण हवं होतं, ते मी दिलं. आणि नामदेवचाही राग येतो मला. "काहून असं केलं?" एवढं तरी विचारायचं होतं त्यानं. नाही विचारलं. नंतरही दर रविवारी आला, बसला, माझ्या पोरांना गणितं शिकवली. पाणी मात्र माझ्या घरचं त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही.