नऊ जणांविरुद्ध जिंकलेली मॅच

आम्ही तीन-दोननं जिंकलो आणि मला इतका संताप आला की मी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

समोरच्या संघाचे नऊच खेळाडू आले होते. बाकीच्यांची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती म्हणे. आमचे मैदानात अकरा आणि वर बदली खेळाडू बाहेर उभे. तरीही त्या नऊ जणांनी आम्हाला पळवून पळवून दमवलं. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली, त्यांच्या पोराचा पाय ओल्या मैदानावर घसरला आणि बॉल कुंपणाबाहेर गेला. त्या घसरण्यानं आम्हाला जिंकवलं. आणि आमची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, जणू काही वर्ल्ड कप घरी आणलाय.

कॅप्टन माझ्याकडे धावत आला. ‘वहिनी, सेमीफायनल! पोहोचलो ना!’

‘नऊ जणांनी नाचवलं की रे तुम्हाला,’ मी म्हणाले. ‘कशाचा आनंद हाय एवढा?’

तो हसला. मी रागारागानं बोलले की ही पोरं हसतात, कारण माझं कोल्हापुरी बाहेर येतं आणि त्यांना ते गमतीचं वाटतं.

हा संघ जर्मनीत स्टुटगार्टच्या एका विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा. विद्यापीठाच्या हौशी लीगमध्ये खेळतो. बहुतेक पोरं पुण्या-मुंबईची. माझा नवरा तिथं पीएचडी करतो. संघ त्यानंच उभा केला, त्यामुळे सगळे त्याला दादा म्हणतात आणि मी आपोआप वहिनी. मी आठवडाभर जवळच्या गेर्लिंगेन गावात एका कंपनीच्या ऑफिसात मशीनची ड्रॉइंग तपासते आणि रविवारी थर्मास घेऊन टचलाइनवर उभी राहते. कुणी बोलावलं म्हणून नाही. फुटबॉल असेल तिथं माझे पाय वळतातच. कोल्हापुरात आमच्या पेठेत पोरीसुद्धा ऑफसाइडवरून भांडतात. तिथं संघ असा रडतखडत जिंकला तर परत येताना त्याला कुणी चहासुद्धा सुखानं पिऊ देत नाही. माझे वडील अशा संध्याकाळी गप्प जेवायचे. ‘जिंकले, पण खेळले नाहीत,’ एवढंच म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी.

आता राग कुणाचा, तर मुख्यतः घरच्याच माणसाचा. दोन्ही गोल माझ्या नवऱ्याला चकवून झाले होते. तो सेंटर बॅक. पूर्वी बरा खेळायचा, खोटं कशाला बोलू. आता वळायला वेळ लागतो. बॉल येतो, हा वळतो, तोवर समोरचा पुढे निघून गेलेला. आणि आमच्याच संघातली नागपूरची एक पोरगी बदली खेळाडूंचं बिनबाह्यांचं बिब घालून बाहेर उभी होती. मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे, हरणासारखी पळते, बॉल कुठे येणार हे आधीच ओळखते. दोन्ही हाफ ती नुसती वॉर्मअप करत राहिली.

आमच्या लीगमध्ये कोच नसतो. बदल कितीही वेळा करता येतो. दमलेल्यानं स्वतः हात वर करायचा, बाहेर यायचं, दुसरा आत जातो. बाकी सगळे हात वर करतात. दादा करत नाहीत. आणि दादांना ‘या बाहेर’ म्हणण्याची एकाचीही टाप नाही. जर्मन संघात कालचा पोरगाही प्रोफेसरला बिनदिक्कत बाहेर काढतो. आमच्याकडे मॅच संपल्यावर रांगेनं येऊन सांगतात, ‘दादा, आज तुम्ही होतात म्हणून वाचलो!’ त्या दिवशीही सांगितलं. मी ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नंतर होस्टेलच्या किचनमध्ये पावभाजी झाली. पाव नव्हते म्हणून ब्रोटशेन, इथले कडक जर्मन बन. सगळे खूश. पुढच्या रविवारी समोर मेकॅनिकलचा संघ होता, पूर्ण अकरा जणांचा, आणि त्यांचा लेफ्ट विंगर मी पाहिलेला होता. मला भाजी गोड लागेना.

घरी आल्यावर मी सरळ विषय काढला.

‘पुढच्या रविवारी तू बाहेर बस.’

‘का?’

‘पळवत नाही तुला आता. ती पोरगी खेळू दे.’

त्यानं बूट काढता काढता माझ्याकडे पाहिलं. ‘पोरं तर म्हणत होती मस्त खेळलो.’

‘पोरं म्हणणारच की! निम्म्यांना तू विमानतळावरून आणलंस, घर मिळेपर्यंत आपल्या हॉलमध्ये झोपवलंस, पत्त्याच्या नोंदणीला, त्या आनमेल्डुंगला, बरोबर गेलास. ती कशाला तोंड उघडतील?’

‘म्हणजे ती सगळी खोटं बोलतात आणि तू एकटी खरं?’

‘होय!’ मी ओरडलेच.

त्यानंतर आठवडाभर घरात फक्त कामापुरतं बोलणं. डबा घेतलास का, किल्ली कुठे आहे, असलं. मला वाईट वाटत होतं, पण मागे हटायची माझी तयारी नव्हती. रविवारी संघ हरला असता आणि त्याच संध्याकाळी त्याच किचनमध्ये ‘दादा, तुमच्यामुळे फक्त दोनच गोल बसले’ असं कुणी म्हणालं असतं, तर मी कढई फेकली असती.

रविवारी तो पहिल्यापासून खेळला. मेकॅनिकलच्या त्या विंगरनं त्याला एकदा चकवलं, दुसऱ्यांदा चकवलं आणि गोल झाला. पोरं ओरडली, ‘काही नाही दादा, काही नाही!’ मी दात आवळून उभी होते. तेवढ्यात त्यानं टचलाइनकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, त्या पोरीकडे. आणि हात वर केला.

ती आत गेली आणि मॅचच बदलली. विंगरला तिनं बॉल शिवू दिला नाही. आम्ही चार-एकनं जिंकलो, आणि या वेळी खरंच खेळून जिंकलो. माझा घसा बसला ओरडून. नवरा माझ्या शेजारी बिब घालून उभा होता, टाळ्या वाजवत होता, ‘लाइन वर घ्या, वर घ्या’ म्हणून सांगत होता.

मॅच संपली. सगळे त्या पोरीला उचलायला धावले. ते योग्यच होतं. मग कॅप्टन घामाघूम होऊन आमच्याकडे आला.

‘दादा, काय डिफेन्स झाला ना आज! आता फायनलला तीच राहू दे. तुम्ही पाण्याचे क्रेट आणि संत्री आणाल का? तुमच्याकडे गाडी आहे ना.’

आठ दिवसांपूर्वी हाच म्हणाला होता की दादांमुळे वाचलो. एका मॅचमध्ये दादाचा ड्रायव्हर झाला. मला हवं होतं तेच झालं होतं आणि तरी त्या पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

‘पाणी तुझं तू आण की!’ मी म्हणाले. ‘हात मोडलेत व्हय तुझे?’

तो पुन्हा हसला. वहिनी असंच बोलतात.

‘आणतो रे,’ नवरा म्हणाला. ‘किती क्रेट लागतील ते सांग.’

गाडीत बसल्यावर त्यानं चावी लावली, पण फिरवली नाही. बाहेर पोरं अजून गात होती.

‘एक विचारू?’ तो म्हणाला. ‘मी असा खेळतोय हे फक्त तुलाच दिसत होतं, की त्यांनाही?’

आठवडाभर ज्या एका गोष्टीसाठी मी त्या पोरांना शिव्या घालत होते, तीच आता मला करायची होती.

‘फक्त मलाच,’ मी म्हणाले. ‘त्यांना काय कळतंय फुटबॉलमधलं?’

त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली. माझ्याकडे काही त्यानं पाहिलं नाही.