पाचव्या मजल्यावरून तिसऱ्यावर

सुमे, देवरुखच्या स्टँडवर मला सोडायला आई, बाबा आणि तू, तिघंही आला होतात. तू आठ वर्षांची होतीस आणि गाडी सुटायची घाई माझ्यापेक्षा तुलाच जास्त होती, कारण नंतर बाबा तुला भजी घेऊन देणार होते. आई रडली नाही. एसटीच्या खिडकीला धरून ती शेवटपर्यंत सूचना देत राहिली, "मामाकडे पहिल्याच दिवशी भांडी घासायला बसू नकोस. एकदा बसलीस की ते काम तुझ्याच गळ्यात पडेल." मी डोंबिवलीत पोचले, मामीचा दमलेला चेहरा पाहिला आणि भांड्यांना बसले. नर्सिंगचा कोर्स संपेपर्यंत ती माझ्याच गळ्यात होती. आईचं खरं असतं हे मला नेहमी उशिरा कळतं.

परवा फोनवर तू चिडलीस. "ताई, ऑपरेशन थिएटरची नोकरी सोडून परत वॉर्डात? लोकांना बेडपॅन द्यायला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितेय. आपल्या गावातून माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. मी दोनदा घर सोडलं. एकदा गावाहून डोंबिवलीला आले, आणि आता हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावरून तिसऱ्यावर. खरं सांगते, दुसऱ्या वेळी जास्त भीती वाटली.

पाचव्या मजल्यावर थिएटर. तिथे मी अकरा वर्षं होते, बहुतेक हाडांच्या ऑपरेशनला. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यांना हवं ते हत्यार मी हातात ठेवायचे, आणि त्याचा मला गर्वही होता. पण तिथे माणूस दिसत नाही गं. सगळीकडे हिरवं कापड आणि मधे एक चौकोन. चौकोनात कधी गुडघा, कधी खुबा. एकदा एका बाईला कंबरेखालीच भूल दिली होती, ती जागी होती. पडद्यापलीकडून तिने विचारलं, "सिस्टर, तुमचा आवाज फार गोड आहे. तुम्ही दिसता कशा हो?" सगळे हसले. मला मात्र तोंडावरचा मास्क काढता येईना आणि तिचं तोंडही दिसेना. शेकडो माणसं माझ्यासमोरून गेली होती. त्यातलं एकही उद्या मानपाड्याच्या बाजारात भेटलं तर ना मी त्याला ओळखणार होते, ना ते मला. त्या विचाराने मला आठवडाभर काही सुचलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड मागितला.

आमच्या मेट्रन म्हणाल्या, "एक महिना बघू. या वयात नाही जमलं तर गुपचूप वर परत यायचं." चव्वेचाळीस म्हणजे यांना वय वाटतं. पण त्यांचं चुकलं नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी मी घोळ घातला.

खिडकीजवळच्या बेडवर शीळफाट्याकडच्या गावातली एक आगरी आजी होती. तिचं शेत विकलं गेलं, तिथे टॉवर उभा राहिला, त्यातच मुलाला फ्लॅट मिळाला, आणि ही त्याच टॉवरच्या लिफ्टसमोर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. मी नुकतेच हात धुऊन तिच्यापाशी गेले, तर उठून बसायला आधार हवा म्हणून तिने हात पुढे केला. आणि मी दोन्ही हात छातीशी घेऊन मागे सरकले. थिएटरमध्ये धुतलेले हात कशालाही लागू द्यायचे नसतात. अकरा वर्षांची सवय, डोक्याला विचारण्याआधीच अंगाने केलं. आजीचा हात तसाच हवेत राहिला.

"र्‍हाऊ दे गो," ती म्हणाली. "घान वाटली तुला माझी."

मी माफी मागितली, कारण समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग कुणीच आलं तरी उठेना. फिजिओथेरपीवाली येऊन परत गेली, सुनेने हात जोडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की ही अशीच पडून राहिली तर छातीत कफ साचेल, पाठीला जखमा होतील. या वयात खुबा नाही, अंथरूणच माणसाला नेतं. ते सुनेला सांगत होते, पण ऐकत मी होते. माझ्या एका पाऊल मागे सरकण्याने एक बाई जाणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं अंग पुसत होते. नको म्हणायचं त्राण नव्हतं म्हणून तिने पुसू दिलं. पायांशी आले आणि थांबले. बोटं फाकलेली, टाचांना जुन्या भेगा, नखं काळवंडलेली. हुबेहूब आपल्या आईचे पाय. मी पाणी बदलून पुन्हा गरम आणलं आणि ते पाय सावकाश पुसले.

"आजी, भाताची लावणी किती वर्षं केलीत?"

तिने पाय जरा आखडून घेतले.

"तुमच्याकडे चिखलात रुतलेल्या बाईला वर कसं काढतात?"

आता तिने मान वळवली. एवढंही ठाऊक नाही, असा चेहरा. "मनगटाला धरून. आनखी कसं? चिखलान बोटं सटकतान."

आमच्याकडेही तसंच, मी म्हटलं, आणि माझं मनगट तिच्यापुढे धरलं. "मग धरा. आज मीच रुतलेय."

तिने आधी आपला हात चादरीला पुसला. मग तिने धरलं. काय पकड होती सुमे! मीही तिचं मनगट धरलं, आणि तिची नाडी माझ्या बोटांखाली धावायला लागली. ती बसली. पाय खाली सोडले. सुनेने वॉकर पुढे आणला. आणि सत्तरी ओलांडलेली, दोन दिवस भिंतीकडे बघत पडलेली ती बाई देवाचं नाव घेत उभी राहिली.

असे किती खुबे मी पाहिलेत, तुला कल्पना नाही. हाडात घालायचा रॉड, स्क्रू, हातोडी, सगळं मीच हातात दिलेलं. पण त्यातला एकही उभा राहिलेला मी पाहिला नव्हता! अकरा वर्षं मी भाकऱ्या भाजत होते आणि जेवणारं माणूस कधी बघितलंच नव्हतं. ती थरथरत होती, घामाने भिजली होती. तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देव्हाऱ्यापुढेही मला कधी असं झालेलं नाही. मी रडतेय हे सुनेने रुमाल दिल्यावर कळलं.

त्यानंतर ती रोज चालली, आणि रोज मला नावं ठेवत चालली. माझा अंबाडा सैल, माझा चहा पांचट, आणि एवढी मोठी झाले तरी मला सुकटीची चटणी जमत नाही म्हणे. मेट्रनबाई एकदा दारात उभ्या राहून बघून गेल्या. महिन्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअर दारापर्यंत गेली आणि आजीने ती थांबवली. मागे वळून म्हणाली, "येते गो."

सून दचकली. "आत्या, दवाखान्यातून निघताना येते बोलायचं नसतं!" वॉर्डातल्या सगळ्यांनी तेच म्हटलं. आमच्याकडे पेशंटला पहिलं हेच शिकवतात.

"दवाखान्याला नाय बोलले," आजी म्हणाली. "पोरीला बोलले."

सुमे, इतकी वर्षं मीच येते म्हणत निघणारी होते. दर मे महिन्यात, दर गणपतीत, आधी आईला, आता तुला. निघताना येते म्हणावंसं वाटतं ते घर, एवढंच मला ठाऊक होतं. घरात मागे उभी राहून ते ऐकणारी बाई मी कधी झालेच नव्हते. त्या दिवशी वॉर्डाच्या दारात झाले.

मी म्हटलं, "या आजी. सावकाश या."